कानवाला

१

लाईन बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी लोक अजून "जरा लाईनीवर जाऊन येतो" असंच म्हणतात. रूळ उचलले, खडी दाबून सपाट केली, दोन्ही अंगांना झाडं लावली, आणि जिथून गाड्या धडधडत जायच्या तिथून माणसं पोट कमी करायला चालू लागली. नुसतं चालून कंटाळतील म्हणून मधे मधे कलाकारांना जागा दिल्या. जुन्या सिग्नलांच्या पात्यांचं एक उंच भिरभिरं आहे. पाण्याच्या टाकीवर रंगीत काचतुकड्यांचे मासे आहेत. बोगद्यात भिंतभर प्रवासी रंगवलेत, झाडून सगळे पाठमोरे. त्या चित्रकाराला तोंडं जमत नव्हती असं मिस्त्रींचं मत होतं, आणि ते त्यांनी त्या चित्रकाराला बोलूनही दाखवलं होतं.

आणि पुतळे. ब्राँझचे, माणसाएवढे. ट्रंकेवर बसून डुलकी काढणारी म्हातारी, घड्याळ बघणारा गार्ड, निरोपाचा हात हलवणारी एक बाई, जिच्या बोटांत लोक रिकामे कागदी कप अडकवून जातात. या सगळ्यांची निगा राखायचं काम मिस्त्री आणि त्यांची बायको मिळून करायची. मिस्त्री मूळचे वेल्डर. बायकोला लाईनीवर सगळे मेणवाली म्हणत, आणि तिचं त्यात काही बिघडत नव्हतं.

काम असं, की आधी पुतळा साबणाच्या पाण्यानं धुवायचा, पुसून कोरडा करायचा. मग मिस्त्री गॅसच्या बर्नरनं धातू तापवायचे आणि मेणवाली पालथा हात लावून बघायची, पोराला ताप आहे का बघतात तसा. तिनं मान हलवली की ते ज्योत बाजूला घ्यायचे, ती ब्रशनं मेण फिरवायची, मेण वितळून धातूत मुरायचं, आणि गार झाल्यावर दोघं कापडानं घासत बसायची. नीट बसलेल्या मेणावर पाणी टाकलं तर थेंब थेंब होऊन घरंगळतं. बाहेरचं आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही. कामात मिस्त्री भारी काटेकोर. आपण तापवलेलं नसताना धातू गरम लागला तर त्या दिवशी त्याला मेण लावायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. उन्हानं तापलेलं असलं तर ते एकसारखं तापलेलं नसतं, आतला ओलावा आतच कोंडतो, म्हणायचे. आधी गार होऊ दे, मग आपण तापवू.

रस्त्याच्या पुलाखाली जो पुतळा आहे तो कानवाला. तिथे रुळाचा एक तुकडा मुद्दाम ठेवलाय, आणि त्याच्या शेजारी एक माणूस गुडघे टेकून, ओणवा होऊन, रुळाला कान लावून गाडी येतेय का ते ऐकतोय. त्याचा दुसरा, डावा कान आभाळाकडे. येणारीजाणारी त्या कानात काहीबाही पुटपुटून जातात, मुलं ओरडून जातात, आणि इतक्या हातांनी तो कान सोन्यासारखा लखलखीत झालाय. म्हणून कानाला मेण लावायचं नाही. लोकांचे हातच त्याचं मेण, असं मिस्त्री म्हणायचे.

आता गंमत अशी की कानवाला म्हणजे मिस्त्रीच. शिल्पकाराला रुंद पाठीचा माणूस हवा होता आणि मिस्त्री तिथेच वेल्डिंग करत होते. त्यांच्याच अंगावर प्लास्टर थापून साचा काढला. मिस्त्रींच्या जिभेला हाड नाही. ते प्लास्टर वाळेपर्यंत हूं की चूं न करता बसले हे ऐकून मेणवालीला हसू आवरेना. थोडं प्लास्टर घरी द्या, असा निरोप तिनं शिल्पकाराला धाडला होता. रुळावर टेकलेल्या डाव्या हाताची अंगठीसुद्धा साच्यात उतरली होती. ती पुतळ्याच्या बोटात अजून आहे.

२

थंडी सुरू होता होता मिस्त्रींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, पाय दोन्ही लुळे पडले, आणि वाचा गेली. ज्या माणसाला गप्प बस म्हणून म्हणून बायकोचं आयुष्य गेलं, तो माणूस खिडकीशी लोखंडी खाटेवर छताकडे बघत पडून राहिला. शाबूत राहिला तो डावा हात, तोही कोपराच्या पुढे. त्या हातातली अंगठी ते खाटेच्या दांडीवर वाजवायचे. दोनदा टकटक म्हणजे पाणी. एकदाच म्हणजे कूस बदल. आणि कधी कधी नुसतीच भरभर टकटक चालायची, थांबायचीच नाही. पहिल्यांदा ती स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा पाणी नको, कूस नको, भांडं नको. मग तिला कळलं की काही नको आहे, फक्त येऊन बस.

मिस्त्री अंगानं दणकट. त्यांना उचलून बसवायचं, पुसायचं, चादर काढायची, म्हणजे मेणवालीच्या कंबरेचा पार निकाल लागायचा. एकदा दोघंही खाट आणि भिंत यांच्या मधे पडली आणि शेजारचे येईपर्यंत तशीच पडून राहिली. मग मिस्त्रींची मोठी बहीण राहायला आली. वन्सं वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. रात्री त्याही उठायच्या, तेल चोळायच्या. पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की वहिनीचं अंग खचत चाललंय, आणि त्यांनी गावाबाहेर आजाऱ्यांना सांभाळणारं एक घर शोधून काढलं. जागा रिकामी झाली की न्यायचं असं ठरलं. आठवड्यातून एकदा भेटू देतात, म्हणाल्या.

हे बोलणं स्वयंपाकघरात झालं, पण घर ते केवढं. त्या संध्याकाळी खाटेची दांडी थांबली नाही. मेणवाली हात धरून बसली, तरी हाताखाली अंगठी वाजतच होती. माझ्या जिवात जीव आहे तोवर तुम्हाला कुठे धाडणार नाही, असं तिनं सांगितलं, आणि सांगताना तिची कंबर ठणकत होती.

दुसऱ्या दिवशी ती लाईनीवर गेली तेव्हा पुलाखाली कुणी नव्हतं. तिनं हातगाडी टेकवली, कानवाल्याच्या पाठीवरची पानं झटकली आणि त्याच्याकडे बघत राहिली. रुंद पाठ, भरलेले दंड, ताठ मान. तिला एकाएकी रागच आला. ती वाकली आणि त्या चकचकीत कानात म्हणाली, "तुमचं बरं चाललंय इथे धडधाकट. घरी एक पडलाय, त्याच्याशी जरा जागा बदला की."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. मग डोळे पुसून ती कामाला लागली.

३

मेणाचे दिवस आले होते. बर्नरची टाकी तिला एकटीला उचलत नव्हती, म्हणून ती हातगाडीवरच ठेवून नळी लांब ओढायची आणि थोडं थोडं काम करायची. म्हातारी झाली, गार्ड झाला. कानवाल्याशी आली तेव्हा ती थकलेली होती. धुऊन, पुसून, बर्नर पेटवण्याआधी तिनं सवयीनं पालथा हात त्याच्या उजव्या खांद्याला लावला.

खांदा गरम होता.

चटका बसावा इतका नाही. बर्नर बाजूला घ्यायच्या वेळी लागतो तेवढाच. तिनं पाठीला हात लावला, ती गार. डावा खांदा गार. सकाळचं तिरपं ऊन पुलाखाली थोडा वेळ येतं, ते त्या खांद्यावर पडलं असणार, तिनं हिशेब मांडला. मिस्त्रींचा दंडक तिला आठवला. पण त्याच मिस्त्रींना घरी दूध पाजायची वेळ झाली होती, आणि आयता तापलेला धातू समोर होता. आज ते इथे असते तर ओरडले असते, असं म्हणत तिनं ब्रश बुडवला. मेण असं झरकन मुरलं की तिला पुन्हा लावावं लागलं.

घरी आली तर वन्सं दारातच उभ्या, चेहरा पांढराफटक. मिस्त्रींनी उजवा हात खांद्यापासून उचलून चादर स्वतः बाजूला केली होती.

आनंदात माणूस विचार करत नाही. मेणवालीनं त्या दिवशी काहीच विचार केला नाही. पुढच्या खेपेला कानवाल्याची कंबर गरम लागली, तिनं कंबरेला मेण लावलं, आणि संध्याकाळी मिस्त्री टेकू न घेता उठून बसले. तेव्हा मात्र तिनं दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या. योगायोग, तिनं स्वतःला बजावलं. वन्संच्या तेलाचा गुण. डॉक्टरांच्या गोळ्या. धातूचं काय, कुठेही तापतो. तरी त्यानंतर ती रोज आधी पुलाखालीच जाऊ लागली, आणि जिथे ऊब लागेल तिथे मेण लावू लागली. बर्नर पेटवायची गरजच उरली नव्हती. पोटऱ्या, मांड्या, मान, जबडा, आणि सगळ्यात शेवटी तो डावा हात.

४

मिस्त्री चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, शरीराच्या मनात आलं तर ते काहीही करतं. शेजारपाजारची माणसं बघायला येऊन गेली. वन्संनी ते गावाबाहेरचं घर रद्द केलं, भावाच्या पाठीवरून हात फिरवून रडल्या आणि आपल्या घरी गेल्या. जाताना मेणवालीला एवढंच म्हणाल्या की त्याचं अंग फार गार लागतं गं, जरा गरम कपडे घालत जा.

अंग गार होतंच. सकाळी उठल्याबरोबर मिस्त्रींना हलता यायचं नाही. ते खिडकीतल्या उन्हात बसून राहायचे, आणि ऊन अंगावर पुरेसं चढलं की मगच उठायचे. आजारातून उठलेला माणूस, रक्त अजून फिरायचंय, मेणवाली म्हणायची. लोखंडी खाट मधोमध वाकली, ती जुनीच होती. जिन्याच्या फळ्या त्यांच्या पावलांखाली अशा कण्हायच्या की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, सामान हलवताय का.

पाय अजून भरवशाचे नव्हते म्हणून ती त्यांना आंघोळ घालायची. एकदा पाठीवर तांब्या ओतला, आणि पाणी थेंब थेंब होऊन घरंगळून गेलं. ती बघत राहिली. दुसरा ओतला. तेच. थेंब मण्यांसारखे टपटप खाली, आणि पाठ कोरडी ठणठणीत. टॉवेल हातात तसाच राहिला. महिनोन् महिने वन्संनी तेल चोळलंय, ते कातडीत मुरलंय, दुसरं काय, तिनं विचार केला. तो विचार तसा खराही असेल. पण तिनं आयुष्यभर पाणी घरंगळताना पाहिलं होतं आणि तेलावरचं पाणी तिला ओळखता येत होतं.

अंगठी आता बोटात फिरत नव्हती. सूज असेल.

एक जागा मात्र ऊबदार होती, डावा कान. केस विंचरताना तिचा हात लागला आणि ती दचकली. बाकी सगळं अंग फरशीसारखं, आणि कान मऊ, गरम, नेहमीचा. त्यानंतर ती काहीतरी निमित्त काढून त्या कानाला हात लावायची. लावला की तिला बरं वाटायचं, आणि का बरं वाटतं हे ती स्वतःला विचारत नसे.

५

मिस्त्री पूर्वी एक वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. तिनं भाजी महाग झाली म्हणायचं आणि यांनी लगेच भाजीवाल्याच्या आजोबांपासून सुरुवात करायची. आता ते बोलायचे, नाही असं नाही. "हो." "बरं." "बस." आवाज तोच. पण मुख्य म्हणजे ते ऐकायचे. ती बोलू लागली की हातातलं काम ठेवायचे, मान जराशी कलती करायचे आणि डोळ्याची पापणी न लववता ऐकत राहायचे. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं इतकं कधीच बोलून घेतलं नव्हतं. माहेरचं बोलली, मूल झालं नाही त्याबद्दल बोलली, कंबरेबद्दल बोलली. ते ऐकत होते. बोलून झाल्यावर खोलीत एवढी शांतता व्हायची की ती घाईघाईनं भांडी घासायला घ्यायची.

दुपारी ती डुलकी काढून उठली की ते कधी कधी जमिनीवर ओणवे असायचे. काय करताय विचारलं तर उठून बसायचे. काही नाही, म्हणायचे.

कानवाल्याकडे जायचं तिनं टाळलं होतं. सगळं अंग करून झालंय, आता पुढच्या हंगामातच, असं ती स्वतःशी म्हणायची. पण लाईनीवर रोज फिरणाऱ्या एका शिक्षिकेनं तिला गाठलं आणि पुलाखालच्या पुतळ्याकडे जरा बघा, म्हणाली. तो ओलसर लागतो. आणि मुलं त्याच्या कानात बोलायला घाबरायला लागलीत.

मेणवाली बादली घेऊन गेली. दिवस ढगाळ होता, पुलाखाली उजेड मळकट. लांबून काही वेगळं दिसत नव्हतं. तोच ओणवा माणूस, तीच पाठ. तिनं पाठीवर तांब्या ओतला.

पाणी पसरलं. एकही थेंब उभा राहिला नाही. पाणी पाठभर पसरून चिकटून राहिलं, कातडीवर राहतं तसं, आणि तिनं एवढं निगुतीनं बसवलेलं मेण वर कुठेच नव्हतं. तिनं पालथा हात टेकवला. ऊब. खांद्याला, कंबरेला, मानेला, सगळीकडे ऊब. ऊन पडलेलं असतं तर. पण ऊन दोन दिवसांत पडलं नव्हतं.

मग तिनं कानाला हात लावला. कान गारढोण होता. नुसता धातू.

वरून एखादी गाडी गेली असेल, पुलाचं काँक्रीट तापत असेल, आपल्यालाच ताप असेल. तिनं या तिन्ही कारणांना बोलावून पाहिलं आणि तिन्ही कामाला आली नाहीत. खाली बसताना तिचा हात रुळावर पडला. रूळ थरथरत होता. फार नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं, लाईनीवर चिटपाखरू नव्हतं, आणि तिनं वाकून रुळाला कान लावला. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं.

भरभर टकटक चालली होती. थांबत नव्हती.

किती वेळ ती तशी होती कोण जाणे. उठताना तिची नजर पुतळ्याच्या डाव्या हाताकडे गेली. रुळावर गंजाचा जाड थर होता, आणि अंगठीच्या खाली बरोबर एका जागी तो गंज उडून लोखंड पांढरं लखलखीत झालं होतं. ती तिथून बादली टाकून निघाली.

६

घरी मिस्त्री खुर्चीत बसले होते. तिनं चप्पल काढली नाही, तशीच समोर बसली आणि सगळं सांगितलं. कुणाला सांगायचं हे तिला समजत होतं, तरी सांगितलं, कारण दुसरं कुणी नव्हतं आणि ऐकणारा समोर होता. कानात केलेली चेष्टा सांगितली. खांदा गरम लागला तेव्हा मेण लावायला नको होतं, हे सांगितलं. पाणी पसरलं ते सांगितलं, टकटक सांगितली. मधे तिला हुंदका आला तेव्हा ते थांबून राहिले. मग तिनं हात जोडले आणि विचारलं, की आत मुरलेलं मेण उतरवायचं औषध माझ्याकडे आहे, ते पुतळ्याला लावून पुसलं तर परत सगळं पहिल्यासारखं होईल का.

ते मान कलती करून ऐकत होते. तिचं बोलणं संपलं.

"कान राहिलाय," ते म्हणाले.

आवाज मिस्त्रींचाच होता. काम अर्धवट टाकून घरी निघालेल्या बायकोला ते ज्या सुरात हटकायचे, तोच सूर. मेणवाली उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर खुर्ची करकरली नाही. ते तिथेच बसून तिचं उभं राहणं ऐकत होते.

७

ती रात्र तिनं जागून काढली, आणि कशाला खोटं बोला, त्या रात्री तिनं मिस्त्रींचा जेवढा विचार केला तेवढाच खाटेचाही केला. मेण उतरवलं, आणि ते परत आले, तर कसे येणार? पडलेले. दोन टकटक, एक टकटक. चादर, भांडं, पाठीच्या जखमा. तिच्या कंबरेत आता एकदा उचलायचीसुद्धा ताकद नव्हती. मग वन्सं येतील, मग गावाबाहेरचं ते घर, आणि त्या घरातल्या भिंतीकडे तोंड करून पडलेले मिस्त्री. आणि इथे जेवणारा, चालणारा, तिचं ऐकणारा एक माणूस घरात होता. पहाटे तिला वाटलं की आपण वेड्या झालो आहोत. पुतळा तो पुतळा आणि नवरा तो नवरा, आणि नवरा देवाच्या कृपेनं बरा झालाय. हा विचार इतका सोयीचा होता की तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सकाळी ती निघाली तेव्हा हातगाडीवर मेण उतरवायच्या औषधाची बाटलीही होती आणि मेणाचा डबाही. वाटेत काय करायचं ते बघू, असं तिनं ठरवलं होतं.

आभाळ खाली आलेलं, झाडं हलत नव्हती. बोगद्यातून जाताना तिनं भिंतीकडे पाहिलं नाही. पुलाखाली कानवाला होता तसाच होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं बाटली हातात घेतली. बूच उघडलं. औषधाचा वास नाकात गेला आणि त्याबरोबर खोलीतला तो वास आठवला, आजारी अंगाचा, ओल्या गादीचा. ती बराच वेळ बाटली धरून बसली. रुळाला तिनं कान लावला नाही. लावायची गरज नव्हती. बूड टेकलं होतं तिथे जमिनीतूनच ते तिला लागत होतं.

मग तिनं बुचाला पीळ देऊन बाटली बंद केली आणि बर्नर पेटवला.

"उन्हानं तापतो मेला धातू," ती मोठ्यानं म्हणाली. कुणीतरी ऐकावं म्हणून म्हणाली. पण तिथे ऐकणारा एकच होता.

ज्योत कानापाशी नेण्याआधी ती वाकली. तिला म्हणायचं होतं की माझी कंबर गेलीय हो, मला होत नाही, तुम्हाला त्या घरात धाडण्यापेक्षा. एवढं सगळं ओठांवर आलं आणि शेवटी तिच्या तोंडून निघालं ते दुसरंच.

"जरा कळ काढा," ती म्हणाली. इंजेक्शनच्या वेळी ती त्यांना हेच म्हणायची.

जमिनीतली टकटक थांबली. थकून थांबते तशी नव्हे. तिचं बोलणं कळल्यासारखी एकदम थांबली, आणि कान तापेपर्यंत, ब्रश फिरेपर्यंत, मेण वितळून त्या वळणांच्या आत उतरेपर्यंत पुन्हा आली नाही. मिस्त्रींनी तिचं एवढं म्हणणं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

तिनं गार होऊ दिलं, कापडानं घासलं. कामात कसर ठेवली नाही. मग पाठीवर पाणी टाकलं, आणि पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. तिनं पालथा हात टेकवला. पाठ गार, खांदा गार, मान गार.

तेव्हा मेणवालीनं जो टाहो फोडला तो पुलाखाली घुमून पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला असावा. फिरायला आलेली माणसं धावत आली. शिक्षिका आली, एक म्हातारा जोडीदारणीला घेऊन आला, कुणी पाणी दिलं, कुणी हातगाडीवरचा बर्नर बंद केला. बाई पुतळ्याच्या गळ्यात पडून रडते आहे हे बघून त्यांना काय करावं ते कळेना. शिक्षिकेनं तिला जवळ घेतलं आणि कोण गेलं, असं हळूच विचारलं.

मेणवालीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की हे कुणालाही सांगता येणार नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"मिस्त्री बरे आहेत ना?"

"बरे आहेत. चालतात, फिरतात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घरी आहेत."

मग चला, आम्ही सोडतो तुम्हाला, ते वाट बघत असतील, असं शिक्षिका म्हणाली. तिनं आणि त्या म्हाताऱ्यानं मिळून हातगाडी वळवली. मेणवाली घरी जायचं म्हणून उठली, दोन पावलं गेली, आणि तिचे पाय पुढे उचलेनात.